बंदुकीला खोबरेल

बंदूक मी मागच्या दाराने आणली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट वेगळीच सांगितली जायची. वैजूने म्हणे बंदूक चोरून आणली, पलंगाखाली लपवली आणि मग बापाला सापडली. साफ खोटं. शनिवारची दुपार होती. आई पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर बसली होती, बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते आणि मी पुढच्या दाराने, दारात बूट काढून, एक लांब कॅनव्हासची पिशवी दोन्ही हातांत आडवी धरून आत आले. बाबांनी पेपरावरून पाहिलं आणि विचारलं, "काय आहे ते?" मी म्हटलं, "बंदूक." त्यांनी विचारलं, "कुणाची?" मी म्हटलं, "माझी." शिवणयंत्र थांबलं. मला अठरा पूर्ण झाली होती, पैसे माझे होते, रासबेरीच्या शेतात दोन उन्हाळे कंबर मोडेपर्यंत वाकून मिळवलेले, आणि कायद्याने मला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. हे सगळं मी एका दमात बोलून टाकलं. बाबा पेपराची घडी घालत राहिले. इतकी बारीक घडी त्यांनी पुन्हा कधी घातलेली मला आठवत नाही.

आमचं घर अमेरिकेत, बॉथेल गावाच्या पुढे, नदीच्या अंगाला होतं. आज तिथे सॉफ्टवेअरवाल्यांची टाउनहाउसेस आहेत आणि प्रत्येक दारात दोन-दोन गाड्या. तेव्हा घरामागे तारेचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे ओलं, उंच गवत. वेंगुर्ल्याची शाळा अर्धी टाकून मला इथे आणलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बाबा विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर होते, आई घरी होती. ते घर मला डोळ्यांपेक्षा कानांनीच जास्त आठवतं. भिंतीतल्या हीटरची टकटक, आईच्या शिवणयंत्राची घरघर, दाराजवळच्या कोटांच्या कपाटाची ती जीवघेणी कुरकुर, आणि वर्षाच्या शेवटी शेवटी छपरावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या बदकांचा कालवा. आणि वास विचाराल तर खोबरेलाचा. आई सगळ्याला खोबरेल लावायची. केसांना, फुटलेल्या टाचांना, बिजागऱ्यांना, शिवणयंत्राच्या सांध्यांना. बाबा म्हणायचे, "अगं, मशीनचं ऑइल वेगळं मिळतं." आई म्हणायची, "माझं मशीन बंद पडलेलं बघितलंत कधी?" बंद पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे विषय तिथेच संपायचा. थंडीत न्हाणीघरातली बाटली थिजून पांढरा दगड व्हायची. शाळेत जाण्याआधी ती ऊन पाण्याच्या भांड्यात उभी करून ठेवायची हे माझं काम होतं. तेल कडेने आधी सुटतं, मधला गोळा शेवटी, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

आम्ही त्या घरात राहायला गेलो त्या पहिल्या हिवाळ्यात शेजारचा एर्नी दोन रानबदकं घेऊन दारात आला. एर्नी लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, दांडग्या हाडाचा माणूस. त्याची बायको डोरथी त्याच्या मागे उभी होती, खांद्याएवढीही नव्हती त्याच्या. दोघांच्या अंगावर चिखल. "वेलकम टु द नेबरहुड," म्हणून त्याने पायांना सुतळी बांधलेली ती बदकं बाबांच्या हातात दिली. बाबांनी "थँक यू, थँक यू" म्हणत घेतली, दार लावलं, आणि मागच्या अंगणात जाऊन फावड्याने खड्डा खणून पुरून टाकली. आम्ही काही शाकाहारी नव्हतो. घरात दर रविवारी कोंबडी शिजायची. पण ती दुकानातून, फोमच्या ताटलीत, प्लॅस्टिकखाली झाकलेली यायची, आणि बाबांच्या हिशेबी ती जणू आत्महत्या करूनच आलेली असायची. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाबांचं फावडं बघत उभी होती. तिचे थोरले भाऊ खाडीवर पाखरं मारायचे, ते ती मला झोपताना सांगायची. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरी होती गो. चांगली चरबीची होती." आणि कोंबडीचा मसाला भाजायला वळली.

ती बदकं माझ्या मनातून गेली नाहीत. मी काही शूर मुलगी नव्हते. शाळेत मला माझं नाव धड सांगता येत नव्हतं. मी सांगायची वैजयंती आणि त्यांचं व्हायचं व्ही. देश बाबांनी ठरवला, शाळा बाबांनी ठरवली, पुढे डॉक्टर व्हायचं तेही त्यांनीच ठरवलं होतं. आमच्याकडे सगळं कुणीतरी आणून द्यायचं आणि आम्ही ते नीट वागून मिळवायचं, अशी रीत होती. एर्नी आणि डोरथी मात्र पहाटे उठून त्या ओल्या गवतात स्वतः जायची आणि जे मिळेल ते स्वतः घेऊन यायची. एखाद्या दिवशी काही मिळायचं नाही, तर हसत रिकाम्या हाताने यायची. मला ते हवं होतं. का हवं होतं ते मला तेव्हा सांगता आलं नाही आणि आज सांगायची गरज वाटत नाही. मुलग्याला हवं असतं तर कुणी विचारलंही नसतं.

मी बारावीत असताना डोरथी गेली. त्यानंतरच्या सप्टेंबरात पशुखाद्याच्या दुकानातल्या फळ्यावर एक कार्ड लागलं: बायकांच्या मापाची शॉटगन, सेमी-ऑटोमॅटिक, वापरलेली, चांगल्या स्थितीत. खाली एर्नीचा फोन नंबर. मी फोन केला नाही, सरळ कुंपण ओलांडून गेले. एर्नी म्हणाला, "वडलांना घेऊन ये." मी म्हटलं, "माझ्या वडलांना गोळी कुठल्या टोकाने बाहेर येते हेसुद्धा माहीत नाही." तो हसला, पण बंदूक काढेना. मग मी खिशातून शिकारीच्या शिक्षणाचा दाखला काढून त्याच्या टेबलावर ठेवला. उन्हाळ्यात सहा संध्याकाळी शेतकऱ्यांच्या सभागृहात बसून मी तो कोर्स केला होता, माझ्या निम्म्या वयाच्या मुलांच्या रांगेत, गुडघे बाकाला आपटत. घरी सांगितलं होतं, लायब्ररीत जाते. हे एक खोटं मी बोलले, ते मान्य करते.

एर्नीने दाखला उलटसुलट करून पाहिला आणि आतून बंदूक आणली. हलकी होती. दस्त्याच्या लाकडाचं पॉलिश एका जागी उडालं होतं, डोरथीचा गाल टेकायचा तिथे. मी खांद्याला लावली आणि माझा गाल बरोबर त्याच जागी आला. एर्नीने खिडकीबाहेर बघितलं. मग त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बंदूक पुरती खोलली आणि एकेक भाग मला ओळीने दाखवला. "पंप बंदूक असते ना," तो म्हणाला, "तिला प्रत्येक बारानंतर हाताने मागे ओढावं लागतं, पण ती चिखलात पडली तरी चालते. ही तसली नाही. बार उडाला की ही स्वतःच रिकामं काडतूस फेकते आणि स्वतःच दुसरं आत घेते. पहिला नेम चुकला तर दुसरी संधी लगेच मिळते. पण नखरेल आहे. हिला घाण चालत नाही आणि तेल जास्त झालेलं चालत नाही. दोन थेंब. डोरथीसुद्धा दोनच थेंब घालायची." त्याने तेलाची छोटी डबी माझ्यापुढे सरकवली. मी पैसे मोजायला लागले तर म्हणाला, "ते नंतर मोज. घरी काय सांगणार आहेस?" मी म्हटलं, "बंदूक आणली म्हणून सांगणार." आणि तसंच सांगितलं.

त्या शनिवारपासून बाबा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. बंदूक दाराजवळच्या कोटांच्या कपाटात, सगळ्या कोटांच्या मागे उभी होती, काडतुसं वेगळी, माझ्या खोलीत कुलपात. बाबा ऑफिसला जाताना कोट घ्यायला दार उघडायचे, ते कुरकुरायचं, आणि ते कोट न घेताच भिजत जायचे. रविवारी सामंत काकू आल्या. आमच्या त्या चार-सहा मराठी कुटुंबांत त्यांचा शब्द शेवटचा असायचा. "अगं, हे आपल्यातलं नव्हे," त्या मला म्हणाल्या. "कॉलेज कर, ड्राइव्ह कर, जीन्स घाल, कोणी काही म्हणतंय का? पण बंदूक! उद्या स्थळं कशी यायची?" मी म्हटलं, "काकू, जो बंदुकीला घाबरेल तो आपोआप कॅन्सल झाला. तुमचाच त्रास वाचेल." बाबा उठून आत गेले. आई ताटलीत चकल्या वाढत होती. तिने माझ्या ताटलीत एक जास्त टाकली. आई तेव्हा कशावरच काही बोलायची नाही, आणि मला तिचा त्याबद्दल फार राग होता. बाबांशी निदान भांडता तरी यायचं.

चौथ्या दिवशी चहाच्या वेळी बाबांनी तोंड उघडलं. "तुला वाटतं मला पाखरांची दया येते म्हणून मी नको म्हणतोय," ते म्हणाले. "वैजू, आपण इथे पाहुणे आहोत. पेट्रोल भरताना लोक मला काय म्हणून जातात ते मी घरी सांगत नाही. रानात तुझ्या हातात बंदूक बघून ते विचारणार नाहीत तू कोण, कुणाची." मी म्हटलं, "सात वर्षं झाली, बाबा. पाहुणे इतके दिवस राहत नाहीत." ते लालबुंद झाले. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा बरीच मोठी आहे, आणि ती भीती मला कळते. रात्री-अपरात्री मुलीचा फोन लागला नाही की मीही त्याच भीतीने घरभर फेऱ्या घालते. कळते, पण पटली मात्र कधीच नाही. घाबरून घरात बसलेल्या माणसाला कुणी घरचा म्हणत नाही.

शेवटी त्यांनी अट घातली. इंजिनिअरच ते, अट मोजूनमापून घातली. "एक दिवस देतो. हंगाम उघडेल त्या दिवशी जा. एक पक्षी मारून आण, स्वतः सोल, स्वतः शिजव. जमलं तर ठेव बंदूक. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी ती एर्नीकडे परत आणि हा विषय बंद." मला जमणार नाही याची त्यांना खात्री होती. मी म्हटलं, "चालेल." मला स्वतःला मुळीच खात्री नव्हती. त्यानंतर मातीच्या तबकड्यांवर मी एर्नीबरोबर दोन रविवार नेम धरला, तरी चारातल्या तीन हुकत होत्या.

हंगाम शनिवारी उघडणार होता आणि त्याआधी गुरुवारी खंडेनवमी आली. आमच्याकडे ती कधी चुकली नाही. आईने देवापुढच्या पाटावर घरातली आयुधं मांडली: बाबांचा स्लाइड रूल आणि कॅल्क्युलेटर, त्यांची सोल्डरिंग गन, विळी, कात्री, गाडीच्या किल्ल्या, माझी रसायनशास्त्राची जाडी पुस्तकं. शिवणयंत्र होतं तिथेच पुजलं. मग ताट घेऊन गॅरेजमध्ये गेली आणि गवत कापायच्या मशीनलाही हळदकुंकू लावून आली. मी पाटाकडे बघत विचारलं, "माझी बंदूक?" बाबा म्हणाले, "देवासमोर बंदूक नाही यायची." "आणि विळी येते ती? तिने काय फुलं कापतो आपण?" "वैजू, पुरे." आई झेंडूची फुलं सारखी करत होती. तिने मान वर केली नाही. मी नमस्कार न करताच कॉलेजला निघून गेले. दुसऱ्या दिवशी कोट घेताना मला जाणवलं की कपाटाचं दार कुरकुरलं नाही. पण मला शनिवारच्या बदकांची चिंता होती, दाराकडे कोण लक्ष देतो?

शनिवारी अंधार असतानाच एर्नीने मला त्याच्या ट्रकमध्ये घेतलं. तासभर उत्तरेला, नदी समुद्राला मिळते तिथली पाणथळ. गवतावर पांढरं दहिवर पडलं होतं. डोरथीचे छातीपर्यंत येणारे रबरी बूट मला पायात घट्ट होत होते. एर्नीने त्याची स्वतःची बंदूक ट्रकमध्येच ठेवली. अट त्याला माहीत होती. "आज मी फक्त कॉफी पिणार," तो म्हणाला. "आणि कुत्रा मागच्या वर्षी गेला माझा, तेव्हा पडलेलं आणायला तुलाच पाण्यात जावं लागेल." आम्ही लाकडी खोटी बदकं पाण्यावर सोडली आणि लव्हाळ्याच्या लपणात बसलो. उजाडलं. कायद्याने ठरलेली वेळ झाल्यावर मी काडतुसं भरली. माझे दात वाजत होते, ते थंडीने असं मी एर्नीला सांगितलं.

पहिला थवा आला तो अगदी डोक्यावर. मी उठले, बार काढला, हुकला. नेम बदलून पुन्हा चाप ओढला तर काही नाही. बंदूक मुकी. रिकामं काडतूस अर्धवट बाहेर येऊन अडकलं होतं, जबड्यात घास अडकल्यासारखं. थवा गेला. एर्नीने शांतपणे बंदूक माझ्या हातातून घेतली, नळी पाण्याकडे धरली, काडतुसं काढून टाकली आणि आत बोट घातलं. बोट पांढरं होऊन बाहेर आलं. त्याने ते नाकाशी नेलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला आजही हसू येतं. "व्ही," तो म्हणाला, "हिला सनटॅन लोशनचा वास का येतोय?"

मी हुंगलं. खोबरेल. मागेपुढे सरकणाऱ्या बोल्टवर, खाचांत, चापाच्या वर, सगळीकडे खोबरेल, थिजून मेणासारखं झालेलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पहिला विचार आला तो बाबांचाच. समोरासमोर जिंकता येत नाही म्हणून त्यांनी अशी जिरवली! एर्नी म्हणाला, "गेला आजचा दिवस. बंदूक दुरुस्तीवाल्याकडे न्यावी लागेल. पुढच्या शनिवारी येऊ." त्याला काय, त्याला पुढचा शनिवार होता. मी हट्टाने बंदूक मांडीवर घेतली आणि काडतूस उपटून काढलं. त्याबरोबर आतून त्या पांढऱ्या तेलाचा एक तुकडा माझ्या तळव्यावर पडला. त्यात तांदळाचा एक दाणा होता. कुंकवाने लाल झालेला.

मी तो दाणा किती वेळ बघत राहिले सांगता येत नाही. बाबा अक्षता टाकत नाहीत. बाबा पूजेत हातसुद्धा नुसते लांबून जोडतात. घर रिकामं असताना, गुरुवारी कधीतरी, आईने कपाट उघडलं होतं, कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल लावलं होतं, कोट बाजूला केले होते, आणि माझ्या बंदुकीला शिवणयंत्रासारखं मनापासून तेल घालून तिची पूजा केली होती. इतके दिवस मी जिला मुकी समजत होते तिने. मला रडू आलं, आणि ते थंडीने आलं असं मी कुणालाही सांगितलेलं नाही.

"थर्मास दे," मी एर्नीला म्हटलं. त्याला वाटलं मला कॉफी हवी. मी रिकामी बंदूक जॅकेटच्या आत घेतली, गरम थर्मास तिच्या पोलादी पोटाला लावला आणि वरून चेन ओढून घेतली. एर्नी बघत राहिला. "तेल थिजलंय, बाकी काही बिघडलेलं नाही," मी म्हटलं. "आधी कडेने सुटेल, मधलं शेवटी." आमच्यावरून दोन थवे गेले, तरी मी हलले नाही. हळूहळू माझ्या शर्टावर ऊन तेल झिरपायला लागलं. मग आम्ही बंदूक खोलली, मी आईने विणलेल्या मफलरने खाच न् खाच पुसली, पुन्हा ऊब दिली, पुन्हा पुसली. तिसऱ्या वेळी बोल्ट सरकन मागे गेला आणि खटकन पुढे आला. एर्नीने त्याच्या डबीतले दोन थेंब घातले. "हे कुठे शिकलीस तू?" त्याने विचारलं. "न्हाणीघरात," मी म्हटलं.

त्यानंतर बराच वेळ आकाश रिकामं होतं. एर्नी घड्याळाकडे बघत नव्हता, म्हणजे त्याला वेळ चांगलीच माहीत होती. आणि मग डावीकडून दोन बदकं आली, खाली, पंख ताणून, आमच्या खोट्या बदकांकडे. मी उठले. पहिला बार मागे पडला, मला तो हुकलेला दिसला. पण हातातली बंदूक स्वतःच हलली, रिकामं काडतूस माझ्या उजवीकडे उडालं आणि मी विचार करायच्या आत दुसरा बार निघाला. पुढच्या बदकाचे पंख मिटले आणि ते पाण्यावर पडलं. मी छातीपर्यंतच्या पाण्यात ते आणायला गेले. मेलेला पक्षी इतका गरम असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटलं का? वाटलं. ते वाईट वाटणं दुकानातल्या कोंबडीच्या वेळी वाटलं नव्हतं याचंही वाटलं. पण पश्चात्ताप झाला नाही, आणि झाला असता तर तेही लिहिलं असतं.

घरी पोचले तेव्हा बाबा अंगणात होते, पाऊस भुरभुरत असताना झाडांना पाणी घालत. त्यांनी आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हात, पाय, डोकं, सगळं जागेवर आहे ना ते, आणि मग माझ्या हातातलं बदक पाहिलं. "आणलं," मी म्हटलं. "सोल," ते म्हणाले आणि नळ बंद करायला गेले. मी गॅरेजमध्ये वर्तमानपत्रावर बसले. थोड्या वेळाने आई स्टूल घेऊन आली. अट स्वतः करायची होती म्हणून तिने बदकाला बोटही लावलं नाही. हात मांडीखाली दाबून बसली आणि मला सांगत राहिली. "पिसं उलटी नको गो ओढू, कातडी फाटते. आता पोट उघड. हळू. पित्त फोडशील तर सगळं कडू होईल." मग स्वयंपाकघरात तसंच. मी खोबरं भाजलं, कांदा भाजला, धणे, मिरी, लाल मिरच्या, वाटण वाटलं, आणि घरभर तो काळसर वास पसरला, तेव्हा आई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

टेबलावर बाबांनी नुसता वरणभात घेतला. मी माझं बदक खाल्लं. छर्रा दाताखाली आला तो काढून ताटाच्या कडेला ठेवला, त्यांना दिसेल असा. त्यांनी आवाज करून पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे. तू करून दाखवलंस. मला कौतुक आहे. पण आता पुरे. उद्या ती बंदूक एर्नीला परत देऊन ये." मी ओरडणारच होते. अट त्यांची, शब्द त्यांचा! पण माझ्याआधी आई बोलली.

"ती परत जायची नाही."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने तेव्हाच ताटात भात घेतला होता आणि ती तो कालवत होती. "अहो, मी पूजा केलीय तिची. खंडेनवमीला हळदकुंकू लावलेलं आयुध घराबाहेर घालवत नाहीत." असा काही नियम आहे की नाही, मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी पुढे दोन-तीन भटजींना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हता. आईने तो तिथल्या तिथे, भात कालवता कालवता केला असावा. बाबा म्हणाले, "मी देवासमोर बंदूक नको म्हटलं होतं." "देवासमोर नव्हती. कपाटात होती," आई म्हणाली. मग तिने हात थांबवला. "आणि ती दोन बदकं तुम्ही पुरलीत ना मागे, तेव्हाच मी बोलायला हवं होतं. सात वर्षं मला त्या खिडकीतून तीच जागा दिसते. आता माझी मुलगी आणते, मी खाणार." आणि तिने माझ्या पातेल्यातला तंगडीचा तुकडा आपल्या ताटात घेतला.

हीटरची टकटक तेवढी चालू होती. आईची तंगडी संपत आली तेव्हा बाबांनी ताट पुढे सरकवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाढ थोडं." मी डाव घेतला. "नुसता रस्सा," ते म्हणाले. पुढे आयुष्यभर ते नुसता रस्साच खात राहिले, आणि दर वेळी दोनदा घ्यायचे.

मग आई माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मी इतका खुललेला कधी पाहिला नव्हता. "तेल चांगलं भरपूर घातलं होतं मी," ती म्हणाली, "म्हणून तर चालली ना गो नीट?" मी तोपर्यंत बाबांना उलटून बोलले होते, सामंत काकूंना बोलले होते, त्या वर्षात मी कुणाचं काही म्हणून ऐकून घेतलं नव्हतं. माझ्या शर्टाला अजून खोबरेलाचा वास येत होता. मी म्हटलं, "हो आई. मस्त चालली."

त्यानंतर जितकी वर्षं आई होती तितकी वर्षं खंडेनवमीला तिने त्या बंदुकीला भरपूर खोबरेल घातलं, पुढे पुढे तर उघडपणे, पाटावर मांडून. आणि तितकी वर्षं मी हंगामाच्या आदल्या दिवशी गॅरेजचं दार लावून, बंदूक खोलून, ऊन फडक्याने ते सगळं पुसून काढलं. माझी मुलगी म्हणते, "मॉम, यू शुड हॅव टोल्ड हर ना." सांगायचं होतं, पण सांगितलं नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. आता आई नाही. बंदूक माझ्याकडे आहे, दस्त्याचं पॉलिश आणखी उडालंय. खंडेनवमीला आता खोबरेल मीच घालते, चांगलं भरपूर, आणि एक अक्षता टाकते. दोन दिवस तसंच राहू देते. मग पुसून काढते.